रुमालावरचं लाल फूल

...आणि वर मलाच म्हणतात, ती बाटली ओतताना तू का नाही बोललीस? आता ऐका! मी कोण बोलणारी? मी आपलं मागच्या सीटवरचं वजन!

नाही, नाही, हसू नका, खरंच वजन. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवायची तर मागं काहीतरी भार हवा, रिकामी गाडी कुणीही चढवेल, असं आमच्या वन्संचं म्हणणं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, आमच्या ह्यांची मोठी बहीण. बायकांना गाडी शिकवतात. स्वतःची शाळा आहे त्यांची... शाळा म्हणजे काय, एक जुनी गाडी, गाडीच्या डोक्यावर पाटी, आणि शेजारच्या सीटवर वन्सं. पूर्वी मागं वाळूचं पोतं ठेवायच्या. ते फाटलं. मग मला हाक आली. पोत्यापेक्षा तू बरी, म्हणाल्या, वळणावर घरंगळत नाहीस. झालं! तेव्हापासून मी बसते, खिडकीतून बघते, आणि तोंड मिटून राहते. पोतं कुठं बोलतं?

पण तुम्हाला सांगते, शिकवणं बघावं तर वन्संचं. चाकामागं ते काटे नसतात का, वेगाचा, पेट्रोलचा, आणि काय काय दिवे? त्यावर वन्सं रुमाल टाकतात. चांगला मोठा पांढरा रुमाल, त्यांच्या यजमानांचा, चारी कडांना मीच टीप मारून दिलेली. दोन्ही बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावायचे, एक काटा दिसता कामा नये. नवी बाई गाडीत बसली की बिचकते, अहो मला वेग कसा कळणार? वन्सं म्हणतात, कानानं. गाडी सांगते तुम्हाला, गिअर बदला म्हणून, आपण ऐकत नाही. डोळे रस्त्यावर, कान गाडीवर, आणि तोंड बंद.

आणि कान तरी कसला म्हणायचा तो! एकदा माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून चहा पीत होत्या, खालून रस्त्यावरून कुणाचीतरी गाडी गेली, तर कप खाली न ठेवता म्हणाल्या, ही आपली शिंपीणबाई, अजून क्लचवर पाय ठेवूनच चालवते. मी खिडकीतून वाकून बघते तो खरंच शिंपीणबाई! शिकून जाऊन कितीतरी दिवस झालेले, गाडी दुसरीच, नवी कोरी, आणि वन्संनी पाय ओळखला! मी तर थक्क झाले. डोळ्यांनी माणूस ओळखणारे पुष्कळ बघितले, आवाजावरून पाय ओळखणारी ही एकच.

तर गाडी. गाडी वन्संच्या यजमानांची. ते गेले तेव्हा ह्यांनी सांगितलं, ताई, गाडी विकून टाक आणि आमच्याकडे ये राहायला. वन्संनी गाडीला पाटी लावली आणि स्वतःच्या घरात स्वतःच्या भाकरीवर राहिल्या. दोन घरं सोडून आहेत, पण दार त्यांचं, कुलूप त्यांचं. मी तेव्हाच मनातल्या मनात त्या गाडीला हात जोडले. का म्हणजे? अहो, आमची मागची खोली, जिथं माझं शिलाईचं मशीन आहे, खिडकीशी, उजेडात... वन्सं आल्या असत्या तर त्यांना कुठली खोली दिली असती? आणि माझी गाठोडी कुठं गेली असती? माया आहे हो माझी वन्संवर. दोन घरं सोडून असल्या की फार आहे.

आता गाडी म्हातारी झाली, मग ती कुरकुरणारच. तिच्या इंजिनात आवाज यायचा. टक टक टक टक, शिलाईच्या मशीनसारखा. वन्संना त्याचं काही नव्हतं, उलट त्या म्हणायच्या, जागी आहे ती. आवाज वाढला, टकटकीची टकाटक झाली, की वन्सं डिकीतला तेलाचा डबा काढायच्या, इंजिनात घोटभर तेल ओतायच्या, आवाज खाली यायचा, की झाकण बंद. तेल किती आहे ते बघायची काडी असते म्हणे, ती त्यांनी कधी बाहेर काढलेली मी बघितली नाही. पोराला ताप आहे का, ते आईला हात लावून कळतं, म्हणायच्या. तेल जळत होतं तिचं, जुन्या इंजिनात जळतंच. गाडी मागायची, वन्सं द्यायच्या. दोघींचं छान चाललं होतं.

पण मग आवाज जरा जास्तच यायला लागला. गॅरेजवाल्यानं मान हलवली. म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, आणि खोलल्यावर काय निघेल ते मी आत्ता सांगणार नाही. डॉक्टर असं बोलला की माणूस घरी येऊन अंथरूण धरतो. वन्सं आल्या त्या तडक आमच्या मागच्या खोलीत गेल्या, मशीनपाशी उभं राहून खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, इथं पलंग मावेल ना गं वहिनी?

तुम्हाला सांगते, माझ्या हातातली सुई खाली पडली ती अजून सापडलेली नाही.

आणि वन्संचं तोंड बघवेना हो. माझी खोली जाणार म्हणून मला धास्ती, आणि आपलं कुलूप जाणार म्हणून त्यांना. दोघी त्या खिडकीशी उभ्या, दोघींनाही तो पलंग नको, आणि दोघीही मोजतोय मावेल का!

आता इथं आमचे हे आले. ह्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. ह्यांना कशात तरी काहीतरी घातल्याशिवाय चैन पडत नाही. पाण्याच्या टाकीत थेंब, कुंडीत पावडर, फरशी पुसायच्या बादलीत झाकणभर हिरवं, डोक्याला लावायच्या तेलात दुसरं तेल. जे आहे ते आहे तसं चालेल, हा विचार ह्या माणसाच्या मनाला कधी शिवलाच नाही. हे म्हणाले, ताई, इंजिन कशाला खोलतेस, तेलात घालायचं औषध मिळतं. चल दाखवतो.

तिघं गेलो. गाडीचे सुटे भाग विकणाऱ्याचं दुकान, छताला पट्टे टांगलेले, भिंतीवर दिव्यांच्या काचा, आणि काउंटरवर ती बाटली. सोनेरी. आतलं औषध काकवीसारखं दाट, बाटली आडवी केली तरी सावकाश, आपल्या मर्जीनं येणार. दुकानदारानं एक यंत्र पुढं ओढलं. एक लोखंडी चाक फिरतंय, खाली वाटीत साधं तेल, वरून एक दांडी चाकावर दाबलेली. दांडीवर त्यानं वजन टाकलं, तर चाक किंचाळलं आणि थांबलं! मग वाटीत त्या बाटलीतलं जरासं ओतलं. पुन्हा वजन टाकलं. चाक फिरतंय. अजून वजन. फिरतंय. स्वतः दांडीवर कोपर ठेवून रेलला, आणि माझ्याकडे बघून म्हणतो कसा, "काकी, कान लावून ऐका. काही ऐकू येतं?" मी कान लावला. काही नाही! लोखंडावर लोखंड घासतंय आणि आवाज काय, तर नुसता वाऱ्यासारखा. मी तोंडात बोट घातलं. आम्ही आयुष्यभर भांडी घासली हो, लोखंड लोखंडाला लागलं की काय होतं ते दातांना माहीत आहे माझ्या. आणि इथं... सूं.

वन्संनी एवढंच विचारलं, माझ्या इंजिनात असं चाक आहे का, आणि त्यावर अशी दांडी? दुकानदार म्हणाला, ताई, तत्त्व तेच. आणि एकदा तत्त्व आलं की आमचे हे विकत घेतात.

मी? मी काय बोलणार? मला तो पलंग दिसत होता. आणि मी कोण, मी वजन!

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाटली ओतली. सगळी नाही, थोडी तळाला राखून ठेवली, ह्यांना तळाला काहीतरी राखायची सवय. वन्संनी किल्ली फिरवली. आधी टक टक... मग टक... मग, बायांनो, काय सांगू... गप्प. इंजिन चालू आहे, दिव्याची काच थरथरतेय, आणि आवाज नाही. गल्लीतली माणसं बघायला आली. फळवाला हातगाडी सोडून आला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, हिला बंद केलीत का? हे असे उभे राहिले, जसं काही इंजिन ह्यांनीच प्रसवलं! आणि खोटं का बोलू, मलाही भरून आलं. म्हटलं काय काय शोध लावतात माणसं. एवढ्याशा बाटलीत एवढी शांतता भरून ठेवतात!

फक्त वन्सं खूश नव्हत्या. हसल्या, ह्यांच्या पाठीवर थाप मारली, पण रात्री जेवताना घास हातात धरून म्हणाल्या, "बोलत नाही रे ती. घरात कुणी रुसून बसलं की कसं वाटतं, तसं वाटतं."

हे म्हणाले, बरी झाली म्हणून बोलत नाही.

झालं, शिकवणी सुरू. तेव्हा वन्संकडे एक दातांची डॉक्टरीण शिकायला यायची. दुसऱ्याच्या जबड्यात धीरानं सांडशी घालणारी बाई, चाक हातात आलं की पानासारखी थरथरायची. तिला बोलायची सवय. पेशंटशी बोलत राहिलं की तो घाबरत नाही म्हणे, आणि ते पेशंटचं तोंड उघडं असतं म्हणून तिला उत्तराची अपेक्षाच नसायची. गाडीतही तेच. उजवीकडे वळताना माझ्या भाच्याला पोहता येत नाही, गिअर बदलताना आमच्या दवाखान्याचा पंखा हळू फिरतो... वन्सं सांगून थकल्या, कान गाडीवर, तोंड बंद. पण गाडीच काही बोलत नाही म्हटल्यावर कुणीतरी बोलणारच ना?

आणि डिकीतला डबा तसाच पडून. गाडी मागेना, मग वन्सं कशाला देतील? किती आठवडे गेले कोण जाणे. वन्सं मात्र रोज निघताना जरा मान तिरकी करायच्या, दाराशी पाहुण्याची चाहूल घेतल्यासारखी. काही नाही. सूं. चला.

त्या दिवशी चढ घ्यायचा होता. टेकडीचा रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, भर दुपारी सावली. मी मागं. डॉक्टरीणबाईंनी गाडी चढावर थांबवली, पुन्हा उचलली, मागं घसरली, वन्संनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. पुन्हा. ह्या खेपेला जमलं! गाडी चढायला लागली आणि बाई अशा खूश झाल्या की बोलायलाच लागल्या. काय बोलल्या, तर ताई, तुमचा हा रुमाल फार गोड आहे, मी कधीची म्हणणार होते. पांढऱ्यावर एकच लाल फूल, कोपऱ्यात. आणि गंमत म्हणजे ते उन्हात दिसतच नाही, झाडाखाली आलं की उमलतं. आधी आधी तर नुसतं वळणावर उमलायचं आणि मिटायचं, आता हल्ली उमललेलंच असतं. कसला धागा आहे हो?

वन्सं म्हणाल्या, समोर बघा. रुमालाकडे बघायचं नाही.

आणि माझं काय झालं सांगते. माझ्या हाताला आधी कळलं. त्या रुमालाला चारी बाजूंनी मी टीप मारलीय. पांढऱ्यावर पांढरी. त्याच्यावर फूल काय, सुताचा एक ठिपका नाही, मला अंधारात विचारा. मी पुढं वाकले. दोन सीटच्या मधून बघितलं. आणि खरंच हो... यजमानांच्या त्या पांढऱ्या रुमालाच्या कोपऱ्यात, कापडाच्या आतून, लाल. कुंकवाएवढं. स्थिर. इतकं सुंदर, की क्षणभर मलाही वाटलं कुणी विणलं बरं हे?

आणि तेव्हा वजन बोललं.

"वन्सं, रुमालावर फूल नाहीये."

वन्संनी विचारलं नाही की काय म्हणालीस. एका हातानं चिमटा ओढून रुमाल बाजूला केला, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली, पायानं ब्रेक. गाडी चढाच्या मध्यावर उभी, दोन चाकांमागं मी आणि डॉक्टरीणबाईंनी दगड लावले. काट्यांच्या मधे तो दिवा. तेलाच्या बुधलीचं चित्र असतं त्यावर, मला लिहिता वाचता येत नाही पण बुधली कळते. ती लाल बुधली बिचारी किती दिवसांपासून ओरडत होती, आणि आम्ही तिच्यावर पदर टाकून, कान गाडीवर देऊन, डोळे रस्त्यावर लावून चाललो होतो!

वन्संनी बॉनेट उघडलं. ती काडी, जी मी कधी बाहेर आलेली बघितली नव्हती, ती ओढली. पुसली, घातली, पुन्हा ओढली. अगदी टोकाला, मुंगीच्या पायाला लागावं तेवढं, काळं चिकट काहीतरी. बाकी काडी कोरडी.

  डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, आम्ही दाताची नस बधिर करतो ना, मग घरी जाऊन काही चावू नका म्हणून बजावतो. दुखत नाही म्हणून माणूस स्वतःची जीभ चावून ठेवतो, आणि त्याला पत्ता नसतो.

 इंजिन निवेपर्यंत वन्सं झाडाखाली उभ्या होत्या, बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवून. मी पाण्याची बाटली द्यायला जवळ गेले तर मला ऐकू आलं. गाडीला म्हणत होत्या, "इतक्यात नको गं. इतक्यात नको."

बायांनो, मी त्या पलंगाचा विचार त्या घटकेला सोडला, खरं सांगते. म्हटलं, देवा, खोली गेली तर जाऊ दे, पण ह्या बाईचं कुलूप राहू दे.

मग डिकीतून डबा आला. डॉक्टरीणबाईंनी वर्तमानपत्राचं नरसाळं धरलं, काय तो हात, एक थेंब बाहेर नाही! वन्संनी ओतलं. पुन्हा ओतलं. डबा रिकामा होत आला, मग कुठं काडीच्या खुणेला ओल लागली. आम्ही तिघी गाडीत बसलो, का बसलो ठाऊक नाही, देवळात बसतात तशा बसलो. वन्संनी किल्ली फिरवली.

घरघर. घरघर. मग चालू झालं. चालू झालं! कोरडं पडलेलं इंजिन, इतकं म्हातारं, चढाला लागलेलं, आणि चालू झालं! पण आवाज नाही. लाल बुधली विझली, तरी वन्सं तशाच, मान तिरकी. आत काही मोडलं असेल तर? बरी आहे म्हणून गप्प आहे की मेली म्हणून? आम्ही तिघी श्वास धरून. झाडावरून एक पान पडलं काचेवर, तेही मला ऐकू आलं. आणि मग, फार खालून...

टक.

कोणी हललं नाही.

टक... टक. टक टक टक टक.

तुम्ही गाणी ऐकली असतील, भलेभले गवई ऐकले असतील. मी ती टकटक ऐकलीय. अंगावर अजून काटा येतो, हा बघा. नवं तेल गेलं, ते दाट औषध पातळ झालं, आणि तिचा आवाज तिला परत मिळाला. वन्संनी डोळे पुसले, तेलाच्या हातानं, तो काळा पट्टा घेऊनच त्यांनी राहिलेला तास पुरा शिकवला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा गप्प बसून चालवत होत्या. आणि गिअर बरोबर पडत होते!

घरी आल्यावर ह्यांची काय गत झाली ते विचारू नका. हे बाटलीची बाजू घेऊन बसले. अगं ताई, आवाज गेला होता की नाही? गेला होता. गाडी चालली की नाही? चालली. मग औषधानं काय वाईट केलं? म्हणजे ह्यांच्या मते तेल संपलं हा तेलाचा दोष!

वन्संनी शांतपणे चहा संपवला. मग म्हणाल्या, "बाटली खोटी नाही रे. पण तिचं दुखणं तसंच राहिलं, कण्हणं तेवढं गेलं. मला कण्हणं ऐकायला हवं. भूक लागली की तिला जेवण लागतं, तेल. ते वेळेवर मिळालं की तिला बाकी काही नको. तिच्या तेलात जे घालायचं ते तेल करणाऱ्यानं आधीच घातलंय, आपण वरून कशाला पाहुणे सोडायचे?"

हे म्हणाले, आणि इंजिन? वन्सं म्हणाल्या, खोलेन. तिची ती सांगेल तेव्हा.

आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, तू का नाही बोललीस बाटली ओतताना? बघा! म्हणजे बाटली भावानं आणली, दुकानदारानं विकली, हो बहीण म्हणाली, आणि बोलायला हवं होतं कुणी? वजनानं!

पण रुमाल काढला असेल असं वाटतं तुम्हाला? छे! रुमाल आहे तिथंच आहे. मला बोलावून त्या कोपऱ्याला एक भोक पाडून घेतलं, बरोबर बुधलीवर, आणि मी त्याला काज करतात तसा टाका घातला, पांढऱ्यावर पांढरा. नव्या बाया विचारतात हे बटणाचं काज इथं कशाला. वन्सं म्हणतात, इथून एक फूल उमलतं, ते उमललं की गाडी बंद करायची. वर काडीही बघतात हल्ली, दर आठवड्याला, पण कुणी बघत नाही असं बघून.

आता तुम्ही मला विचाराल, आजी, तू एवढं बघितलंस, तर ते औषध घालावं की घालू नये? मला कशाला विचारता? मी अडाणी बाई. मी एवढंच सांगते, तळाला जे राखलं होतं ना ह्यांनी, ते फुकट नाही गेलं. ह्यांना चैन कुठली! गाडीतून हात काढावा लागला, मग ह्यांनी घरातलं सगळं धरलं. पंखा, कडी, खिडकीच्या बिजागऱ्या, आणि शेवटी आमचं अंगणाचं फाटक. ते फाटक असं करकरायचं की मेलेला उठून बसेल. आता? सूं. दुकानातल्या चाकासारखं! त्या बाटलीचं कौतुक करावं तेवढं थोडं. फाटकाला उत्तम. डोळे मिटून घाला.

फक्त एकच झालं. पूर्वी वन्सं आल्या की ते फाटक आधी ओरडायचं, मला घटकाभर मिळायची. पसारा आवरायला, पदर नीट करायला, चालू असलेला विषय बदलायला. आता काही कळतच नाही हो, माणूस आपला रंगात येऊन सांगत असतो, आणि त्या एकदम...

...

अगंबाई. वन्सं.

कधी आलात?

...पलंगापासून? सगळंच? ...नाही, नाही, तुमचंच कौतुक चाललं होतं, विचारा ह्या बायांना...

बरं. चढावर? आत्ता? ...हो, हो, येते.

चपला घालू द्या, वजन निघालं.